एकोणचाळीस तास आणि न पाहिलेला सिनेमा

मार्च १९७७. वॉशिंग्टन शहरात बारा बंदूकधाऱ्यांनी तीन इमारती ताब्यात घेतल्या, १४९ माणसे ओलीस धरली आणि अमेरिकेची राजधानी दीड दिवस वेठीला धरली. त्यांच्या मागण्यांच्या यादीत न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी लागलेला एक सिनेमा बंद करण्याची मागणी होती. हा सिनेमा होता ‘मोहम्मद, मेसेंजर ऑफ गॉड’, म्हणजे पुढे ‘द मेसेज’ या नावाने जगभर गेलेला चित्रपट. यादीतली ही मागणी काही तासांतच मान्य झाली. ती मान्य झाल्याने काय साधले, हे पुढच्या घटनाक्रमात दिसते.

१८ जानेवारी १९७३ : चार वर्षे आधी

वॉशिंग्टनच्या सोळाव्या रस्त्यावरच्या एका घरात मारेकरी शिरले. बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार याने हे घर आपल्या गुरूला, हमास अब्दुल खालिसला, राहायला दिले होते. (आजच्या हमास संघटनेशी या नावाचा संबंध नाही, ती १९८७ मध्ये जन्मली.) खालिस त्या वेळी घरी नव्हता. तो परतेपर्यंत सात जणांचे मुडदे पडले होते. त्यातली पाच लहान मुले होती, सर्वांत धाकटे नऊ दिवसांचे. काहींना गोळ्या घातल्या होत्या, काहींना पाण्यात बुडवून मारले होते.

खालिस मूळचा जॅझचा ढोलवादक. त्याचे जन्मनाव अर्नेस्ट मॅकगी. १९५० च्या दशकात तो ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीय संघटनेचा मोठा पदाधिकारी होता. पुढे तो बाहेर पडला, हनफी पंथाचा सुन्नी मुसलमान झाला आणि ‘नेशन’चा नेता एलिजा मुहम्मद हा तोतया आहे अशी पत्रे त्याने संघटनेच्या मशिदींना पाठवली. हत्याकांड त्यानंतर थोड्याच दिवसांत झाले.

फिलाडेल्फियाहून आलेल्या मारेकऱ्यांवर खटला चालला, काहींना जन्मठेपही झाली. पण हुकूम देणारे मोकळे राहिले, अशी खालिसची धारणा झाली. सुनावणीत तो आरोपींवर ओरडला, तेव्हा न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याच्यावरच ७५० डॉलर दंड बसला. पोरांची प्रेते उचललेल्या बापाला हा दंड कसा लागला असेल, याची कल्पना करावी. पुढच्या मागण्यांच्या यादीत ही रक्कम आकड्यासकट आली.

१९७४ ते १९७६ : मोरोक्को, मग लिबिया

याच काळात हजारो मैलांवर मुस्तफा अक्कड हा मूळचा अलेप्पोचा, लॉस एंजेलिसमध्ये शिकलेला सीरियन-अमेरिकन दिग्दर्शक आपला पहिला मोठा चित्रपट करत होता. विषय होता इस्लामचा जन्म. पैगंबरांची भूमिका करायला नट घ्यायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले. चित्रपटात पैगंबर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. इतर पात्रे कॅमेऱ्याकडे बघून बोलतात आणि ऐकल्यासारखी मान डोलावतात. पैगंबर तिथे आहेत हे मागच्या संगीतावरून कळते. अँथनी क्विन होता, पण तो पैगंबरांचे काका हमजा यांच्या भूमिकेत. त्यांची वैरीण हिंद झाली होती आयरीन पापास.

अक्कडने सिनेमा एकाच वेळी दोनदा काढला. एक दृश्य इंग्रजी नटसंचाने करायचे, ते बाजूला झाले की त्याच जागी, त्याच प्रकाशात अरबी नटसंच उभा राहायचा. हमजा एकदा क्विन, एकदा इजिप्तचा अब्दुल्ला गैथ. हिंद एकदा पापास, एकदा सीरियाची मुना वासिफ. डबिंग केले असते तर खर्च वाचला असता, पण अरब प्रेक्षकाला आपल्या धर्माची गोष्ट उसन्या आवाजात ऐकवायची नाही, हा त्याचा हट्ट. हॉलिवुडच्या त्या काळच्या हिशेबाने एक कोटी डॉलरच्या घरातला हा जुगार होता.

धर्मपंडितांची संमती त्याने आधीच मागितली होती. कैरोच्या अल-अझहरची आणि लेबनॉनच्या शिया धर्मपरिषदेची मान्यता असल्याचे पडद्यावर सुरुवातीलाच येते. पण अल-अझहरने नंतर हात काढून घेतला आणि मक्केच्या जागतिक मुस्लिम संघटनेने कडाडून विरोध केला. मोरोक्कोत मक्केचा आणि काबाचा भव्य सेट उभा होता, चित्रीकरण सुरू होते. सौदी अरेबियाकडून दबाव आला आणि राजे हसन यांनी युनिटला देश सोडायला सांगितले. शेकडो माणसांचा लवाजमा उचलून अक्कड लिबियात गेला. उरलेला सिनेमा कर्नल गद्दाफीच्या पैशाने आणि आश्रयाने पुरा झाला.

विरोध करणारी ही माणसे अक्कडच्या सिनेमाची जाहिरात करायला धावून आली नव्हती. ती त्याची नाकेबंदी करायला आली होती.

जुलै १९७६ : लंडन

लंडनला प्रदर्शनाच्या आधी धमक्यांचे फोन येऊ लागले. शीर्षकात पैगंबरांचे नाव असणे हाच अपमान, असे फोन करणाऱ्यांचे म्हणणे. नाव बदलून ‘द मेसेज’ करण्यात आले. छापलेली पोस्टरे, तयार जाहिराती, सारे पुन्हा. सिनेमा न बघता केलेल्या तक्रारीवर झालेली ही पहिली माघार. अमेरिकेत मात्र मूळ नावच ठेवायचे ठरले.

तिथे एक अफवा सिनेमाच्या आधी पोचली होती. पैगंबरांच्या भूमिकेत म्हणे अँथनी क्विन आहे! ती खोडून काढायला एक खेळ बघणे पुरेसे होते. पण खेळ लागला तो दिवस ९ मार्चचा.

बुधवार, ९ मार्च १९७७, सकाळी ११ च्या सुमारास : गोळीबाराला साडेतीन तास

व्हाइट हाउसपासून जेमतेम मैलभरावर ऱ्होड आयलंड अॅव्हेन्यूवर ‘बनाई ब्रिथ’ या ज्यू संस्थेचे मुख्यालय. खालिस आणि त्याचे सहा साथीदार बंदुका आणि कोयते घेऊन आत शिरले. मजल्यामागून मजला रिकामा करत त्यांनी शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना आठव्या मजल्यावर नेले. तिथे बांधकाम अर्धवट होते. उघड्या काँक्रीटच्या जमिनीवर माणसांना आडवे पाडून बांधले. काहींना मारहाण झाली, काही कोयत्याच्या वाराने रक्तबंबाळ झाले. ज्यूंशी या सिनेमाचा संबंध शून्य. पण खटल्याचा न्यायाधीश ज्यू होता, एवढे खालिसच्या डोक्यात पक्के बसले होते.

खालच्या एका मजल्यावर काही कर्मचारी दार लावून लपून बसले. ते तिथे आहेत, हे हल्लेखोरांना ठाऊक नव्हते.

दुपारी १२.३० च्या सुमारास : दोन तास

मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूवरच्या इस्लामिक सेंटरमध्ये तिघे घुसले. शहरातली ही मोठी मशीद. भोवताली परदेशी वकिलाती. संचालक डॉ. मुहम्मद अब्दुल रौफ यांच्यासह अकरा जण ओलीस. इस्लामच्या सन्मानासाठी निघालेल्या मोहिमेत दुसरीच इमारत मशिदीची होती.

दुपार : मागण्या

खालिसने फोनवरून यादी सांगितली. माझ्या कुटुंबाचे मारेकरी माझ्या हवाली करा. ‘नेशन’मधून बाहेर पडलेल्या माल्कम एक्सचे मारेकरीही द्या. एलिजा मुहम्मदचा मुलगा वॉलेस आणि मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांना माझ्यासमोर आणा. माझे ७५० डॉलर परत करा. आणि तो सिनेमा देशातून हद्दपार करा.

तुरुंगातले कैदी सूड घेण्यासाठी कुणाच्या हाती देणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. मारलेली मुले परत येणार नव्हती. या यादीत सहज देता येण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या: दंडाचे पैसे आणि सिनेमा.

दुपारी २.३० च्या सुमारास : गोळीबार

पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यूवरची डिस्ट्रिक्ट बिल्डिंग म्हणजे शहराचे महापालिका भवन. व्हाइट हाउस इथून हाकेच्या अंतरावर. खालिसचे दोन साथीदार पाचव्या मजल्यावर पोचले. तिथे सुरक्षारक्षकाशी झटापट झाली. तेवढ्यात लिफ्टचे दार उघडले आणि मॉरिस विल्यम्स बाहेर आला. वय २४. हॉवर्ड विद्यापीठाच्या ‘डब्ल्यूएचयूआर’ या रेडिओ केंद्राचा बातमीदार, महापालिकेची बातमी करायला आलेला. छर्‍याच्या बंदुकीचा बार त्याच्यावर सुटला आणि तो जागीच गेला.

गडबड ऐकून नगरसेवक मॅरियन बॅरी कॉरिडॉरमध्ये आले. एक छर्रा त्यांच्या छातीत, हृदयाच्या अगदी जवळ घुसला. ते वाचले आणि पुढच्याच वर्षी शहराचे महापौर म्हणून निवडून आले. जखमी सुरक्षारक्षक मॅक कँट्रेल काही दिवसांनी रुग्णालयात हृदयविकाराने दगावला.

विल्यम्स हा कृष्णवर्णीय तरुण होता, कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या केंद्रासाठी काम करणारा. त्याने ना हा सिनेमा काढला होता, ना खालिसचे घर उद्ध्वस्त केले होते. लिफ्टमधून त्या क्षणी बाहेर पडला, एवढेच त्याचे चुकले.

त्याच दुपारी, न्यूयॉर्क : सुटकेला अजून दीड दिवस

ब्रॉडवेवरच्या रिव्होली थिएटरात ‘मोहम्मद, मेसेंजर ऑफ गॉड’चा पहिला दिवस. वॉशिंग्टनची बातमी आली आणि चित्रपट थांबवण्यात आला. प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत मिळाले. कुठलेही न्यायालय बसले नाही, सेन्सॉरने कात्री चालवली नाही. मालकांनी माणसांचे जीव आणि आपले थिएटर यांचा विचार केला आणि ते योग्यच होते.

मागणी मान्य झाली. त्याच सुमारास दंडाचे ७५० डॉलरही खालिसच्या कुटुंबाकडे पोचते झाले. पण ओलिसांपैकी एकही माणूस सुटला नाही.

अक्कडने आपल्या परीने तोड सुचवली. खालिसच्या माणसांना आधी सिनेमा दाखवतो. आक्षेपार्ह वाटला तर मीच नष्ट करतो. हा प्रस्ताव कुणी स्वीकारला नाही. सिनेमा बघण्याची त्यांना गरजच वाटत नव्हती.

९ मार्चची रात्र : कॅमेरे आणि टेलिफोन

पोलिसांच्या डोकेदुखीत पत्रकारांनी भर घातली. बातमीदार थेट खालिसला फोन लावू लागले आणि तोही बोलू लागला. मुदतीचा उल्लेख त्याने केलेला नव्हता, याचा पोलिसांना दिलासा होता. एका बातमीदाराने त्याला विचारले, तुम्ही मुदत ठरवली आहे का? दुसऱ्या एकाने प्रक्षेपणात त्याला ‘ब्लॅक मुस्लिम’ म्हटले. हे नाव ‘नेशन ऑफ इस्लाम’चे, म्हणजे ज्यांनी त्याची पोरे मारली त्यांचे. खालिस खवळला, ओलिसाला ठार करतो म्हणाला. त्या बातमीदाराने जाहीर माफी मागितली तेव्हा प्रकरण निवळले.

बनाई ब्रिथच्या खालच्या मजल्यावर लपलेल्यांना दोरीने टोपली वर ओढून काही वस्तू पोचवल्या जात होत्या. एका वाहिनीच्या बातमीदाराच्या नजरेला ती टोपली पडली आणि त्याने ती थेट प्रक्षेपणात सांगून टाकली. वरच्या मजल्यावर कुणी ते ऐकले असते, तर लपलेल्यांचे काय झाले असते हे सांगायला नको. ओलीसनाट्यांच्या वार्तांकनाचा विषय निघाला की ही टोपली आजही उदाहरणादाखल पुढे येते.

गुरुवार, १० मार्च : व्हाइट हाउस

ब्रिटनचे पंतप्रधान जेम्स कॅलहॅन अधिकृत भेटीवर आले होते. स्वागताला १९ तोफांची सलामी द्यायचा रिवाज. तो त्या दिवशी टाळण्यात आला. महापालिका भवनातल्या बंदूकधाऱ्यांना तोफांचा आवाज म्हणजे पोलिसांचा हल्ला वाटला, तर नसती आफत. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना पदावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते.

गुरुवार, रात्री ८ च्या सुमारास : सुटकेला सहा तास

तीन मुस्लिम देशांचे राजदूत मदतीला पुढे आले: इजिप्तचे अश्रफ घोरबाल, इराणचे अर्देशीर झाहेदी आणि पाकिस्तानचे साहिबजादा याकूब खान. याकूब खान जन्माने आपल्या रामपूरचे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात बंगाल्यांवर लष्कर घालायला नकार देऊन पद सोडलेले सेनानी. टेलिफोनवर त्यांनी खालिसचा विश्वास मिळवला होता.

खालिस आठव्या मजल्यावरून खाली आला. तळमजल्यावर टेबलाभोवती खुर्च्या मांडल्या होत्या. एकीकडे तो, दुसरीकडे तिघे राजदूत, पोलिसप्रमुख मॉरिस कलिनेन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट रेब. कुणाकडे हत्यार नाही. बोलणी सुमारे तीन तास चालली. सिनेमाचा विषय त्यातला छोटा भाग. राजदूतांनी कुराणातल्या दयेच्या आणि क्षमेच्या आयती वाचून दाखवल्या. चार वर्षांपूर्वीच्या त्या घरातल्या मुलांविषयी खालिस बोलत राहिला आणि समोरच्यांनी ऐकून घेतले. न्यायालयात ज्या आक्रोशावर दंड बसला होता, त्याला इथे पहिल्यांदा श्रोते मिळाले.

शुक्रवार, ११ मार्च, पहाटे २ च्या सुमारास : सुटका

एकोणचाळीस तासांनी तिन्ही इमारतींतले ओलीस सुटले. तडजोड अशी की शस्त्रे टाकल्यावर खालिसला जामिनाशिवाय काही काळ घरी जाऊ द्यायचे. शंभराहून अधिक जिवांच्या बदल्यात सरकारने हे मान्य केले आणि शब्द पाळला. त्यावर टीका झाली, पण ओलीस जिवंत घरी गेले. पुढे खटला होऊन त्याच वर्षी खालिसला ४१ ते १२३ वर्षांची शिक्षा झाली. २००३ मध्ये तो तुरुंगातच वारला.

सिनेमा पुन्हा पडद्यावर आला.

नंतर : सिनेमाचा जमाखर्च

वादाने गल्ला भरतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ‘द मेसेज’ने हे अमेरिकेपुरते तरी खोटे पाडले. पहिल्याच दिवशी बंदुकीशी नाव जोडले गेलेल्या सिनेमाला कुटुंब घेऊन कोण जाणार? मॉरिस जार यांच्या संगीताला ऑस्करचे नामांकन मिळाले, पण अमेरिकी बाजारात तो उभा राहिला नाही. अक्कडला आर्थिक हात दिला तो १९७८ च्या ‘हॅलोवीन’ या भयपटाने. सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास खर्च, आणि कमाई कोट्यवधींत. इस्लामच्या जन्माची कथा सांगणाऱ्याला पोटापाण्यासाठी सुरे चालवणाऱ्या मुखवटेधारी खुन्याचा आधार घ्यावा लागला. १९८१ मध्ये लिबियाचा स्वातंत्र्ययोद्धा ओमर मुख्तार याच्यावरचा साडेतीन कोटी डॉलरचा ‘लायन ऑफ द डेझर्ट’ त्याने काढला. तोही तिकीटखिडकीवर आपटला.

मुस्लिम जगात मात्र ‘द मेसेज’ थिएटरच्या वाटेने नाही, तर व्हिडिओ कॅसेट आणि दूरचित्रवाणीच्या वाटेने घराघरांत गेला. ईदला आणि रमजानमध्ये तो बघायची अनेक अरब घरांत प्रथाच पडली. ज्या सौदी दबावामुळे मोरोक्कोतला सेट सोडावा लागला होता, त्या सौदी अरेबियात चित्रपटगृहांवरची बंदी उठल्यावर, २०१८ च्या ईदला, हाच सिनेमा नव्या प्रतीसह मोठ्या पडद्यावर झळकला.

ते पाहायला अक्कड नव्हता. ९ नोव्हेंबर २००५ रोजी जॉर्डनची राजधानी अम्मानमध्ये हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले. त्यात त्याची मुलगी रीमा ठार झाली. तो स्वतः दोन दिवसांनी गेला. हल्ल्याची जबाबदारी घेतली अल कायदाच्या इराकी शाखेने.

आणि मुंबई

हा सगळा परदेशातला, जुना इतिहास म्हणून सोडून देण्याजोगा नाही. २०१५ मध्ये इराणच्या माजिद मजिदींनी पैगंबरांच्या बालपणावर चित्रपट काढला. त्यातही चेहरा दाखवलेला नाही. संगीत ए. आर. रहमान यांचे. मुंबईच्या रझा अकादमीच्या पुढाकाराने सप्टेंबरमध्ये मजिदी आणि रहमान या दोघांविरुद्ध फतवा निघाला. मी हा चित्रपट दिग्दर्शित केलेला नाही, निर्मितीही केलेली नाही, फक्त संगीत दिले आहे आणि तेही सद्भावनेने, असा खुलासा रहमानसारख्या श्रद्धाळू माणसाला करावा लागला. जुलै २०२० मध्ये हाच चित्रपट इंटरनेटवर येणार म्हटल्यावर अकादमीने पुन्हा तक्रार केली आणि महाराष्ट्राच्या गृहखात्याने त्याचे प्रदर्शन रोखावे, अशी विनंती केंद्र सरकारला केली. करोनाने राज्य मेटाकुटीला आले होते, तेव्हाची ही गोष्ट.

मुंबईत ना गोळी सुटली, ना कुणी ओलीस धरले गेले. निषेध सनदशीर होता आणि तो करायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण सरकारला या मागणीचा मोह का होतो, ते कळायला १९७७ ची यादी पुन्हा वाचावी. न्याय देणे कठीण, मारेकऱ्यांच्या मागचे हात शोधणे त्याहून कठीण. सिनेमा बंद करणे एका फोनचे काम. म्हणून ती मागणी सर्वांत आधी मान्य होते. वॉशिंग्टनमध्ये ती मान्य झाली आणि त्यानंतर दीड दिवस माणसे काँक्रीटवर बांधलेली राहिली, कारण दुखणे सिनेमाचे नव्हतेच. शेवटी ओलीस सुटले ते कुणीतरी टेबलाशी बसून खरे दुखणे ऐकून घेतले म्हणून.

धर्म, जात, इतिहास अशा कुठल्याही कारणाने उद्या आपल्याकडे एखाद्या सिनेमावर बंदीची हाक येईल, तेव्हा दोन प्रश्न विचारायला चुकू नका. हाक देणाऱ्याने सिनेमा पाहिला आहे का? आणि बंदी घातल्यावर नेमके कुणाचे दुखणे थांबणार आहे? दोन्हींचे उत्तर मिळेपर्यंत खेळ चालू राहू द्यावा.